कमरेला बांधलेली झोळी

हिलरी मच्याडोला राग आला की तो केळीचे घड उतरवायचा, तयार झालेत की नाही ते न बघता. त्या आठवड्यात वाडीत अकरा घड उतरले. सगळे कोवळे, बोटाएवढ्या केळ्यांचे. त्याची आई रेजिना ओसरीवरून ओरडत होती, "अरे, वेड लागलंय का तुला? ही काय भाजीत घालायची?" आणि हिलरी मुकाट कोयता चालवत होता. सांगणार कोणाला आणि सांगणार काय? रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या हॉलमध्ये बागायतदार संघाची सभा होती, आणि त्या सभेत उभं राहून त्याने काय बोलायचं हे त्याच्या सख्ख्या बहिणीने परस्पर ठरवून टाकलं होतं.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, वसईकडच्या नंदाखाल आणि आगाशीच्या मधल्या एका आळीतली. पण सुरुवात तीन वर्षं आधी झाली. त्या साली केळीच्या मुळांना कीड लागली. वारा नाही, वादळ नाही, नुसत्या घडाच्या वजनाने उभी झाडं आडवी व्हायची. माणसं हवालदिल झाली. तेवढ्यात कुठल्याशा कंपनीचा माणूस जीप घेऊन आला, पोरासोरांना टोप्या वाटल्या आणि निळसर दाण्यांची पोती उतरवून गेला. प्रत्येक बुंध्याला दाण्यांची एक चिमूट टाकायची आणि मग पाटाचं पाणी सोडायचं, एवढंच काम. पोत्यावर बारीक इंग्रजीत बरंच काही छापलं होतं, आणि हातमोजे घातलेल्या एका माणसाचं चित्र होतं.

हिलरीचा बाप इनास हा संघाचा अध्यक्ष. त्याने ते चित्र सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, "हातमोजे घालून चिमूट येते का रे कोणाला?" हॉल हसला. मग त्याने आपल्याकडची जुनी रीत करून दाखवली. वाडीत राख टाकायची असो की पेंड, कमरेला पंचा बांधायचा, पुढचं टोक वर खोचायचं, की बेंबीखाली झोळी तयार. दोन्ही हात मोकळे. आज्यापणज्यांनी तेच केलं होतं. फरक एवढाच की आज्यापणज्यांच्या झोळीत राख होती. हा फरक त्या दिवशी एकाच्याही डोक्यात आला नाही, आणि ज्याच्या डोक्यात यायला हवा होता तो टाळ्या घेत उभा होता.

हिलरीइतका चपळ हात आळीत दुसरा नव्हता. दिवसाला बाराशे बुंधे. खाली घोट्याएवढं पाणी, वरून पानांचं दव. पंचा ओला, दाणे ओले, आतली हाफपँट ओली. संध्याकाळी झोळी सोडली की मांड्यांवर निळी झाक दिसायची. ॲनी, त्याची बायको, विचारायची, "हे काय लागलंय?" तो म्हणायचा, "धुतलं की जातं." आणि धुतलं की जायचंही, बाहेरून.

त्यांचं लग्न चौऱ्याण्णवचं. पहिल्याच वर्षी ॲनीला दिवस गेले, पण तिसऱ्या महिन्यात पोट रिकामं झालं. मग काहीच नाही. रेजिनाने निकाल देऊन टाकला, "हिच्या पोटात टिकत नाही." बावखलाच्या तळ्यावर पाणी भरायला आलेल्या बायकांना सांगितला, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितला, ॲनीच्या माहेरच्यांनाही जेवता जेवता सांगितला. एक नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना संपली की दुसरी, एक डॉक्टरीण झाली की दुसरी. शेवटी वसई रोडच्या एका डॉक्टरने विचारलं, "नवऱ्याचं तपासलंय का?" हिलरी चार महिने टाळत राहिला आणि मग गेला. कागदावर आकडा आला शून्य. कमी नाही, अशक्त नाही, चक्क शून्य.

त्या दिवशी घरी येताना ॲनी रिक्षात एवढंच म्हणाली, "मी नाही सांगणार कोणाला." आणि वर्षभर तिने खरंच सांगितलं नाही. सासू बोलायची, ती ऐकायची. हिलरी शेजारी बसून आमटी ओरपायचा. वर्षभर, हो. दुसरं कोणी असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं? तेच त्यालाही म्हणा.

आता बहीण. सालोमी त्याच्याहून चार वर्षांनी लहान, मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत डॉक्टरेटचं काम करणारी. काम कशावर, तर नर उंदरांच्या अंडकोशांवर. घरात हे सांगायची सोय नव्हती, म्हणून रेजिना विचारणाऱ्यांना सांगायची, "कॅन्सरवर करते काहीतरी." तर ह्या सालोमीने त्याच आठवड्याच्या सुरुवातीला भावाला संस्थेत बोलावून घेतलं. एक यंत्र हलवायचंय, माणूस मिळत नाही म्हणाली. यंत्रबिंत काही नव्हतं. तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोप पुढे ओढला.

"बघ."

हिलरीने डोळा लावला. गोल गोल नळ्या दिसल्या, केळीचं खोड आडवं कापल्यावर दिसतात तशा.

"हा धडधाकट उंदीर. ह्याच्या रक्तात निळा रंग सोडला होता. कुठवर पोचलाय?"

"नळ्यांच्या बाहेर आहे. आत नाही."

"आत जाऊच शकत नाही. नळीच्या आत बी तयार होतं आणि त्याच्याभोवती पेशींची भिंत असते. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की रक्तातून विष येवो, काही येवो, त्या आत सोडत नाहीत. आणि उलटंही आहे. आतलं बी शरीराला परकं वाटतं. रक्ताच्या नजरेला पडलं तर शरीरच त्याच्यावर तुटून पडेल. म्हणून भिंत."

"खाजणाच्या बांधासारखं," हिलरी म्हणाला. "खारं पाणी बाहेर, भात आत."

"हां, तसंच. आणि बांध एकदा घालून भागतं का? दर वर्षी माती टाकावी लागते ना? ही भिंतही रोज दुरुस्त होत असते. पेशींचा सांधा कसा बनवायचा ते एका जनुकात लिहिलेलं असतं. जनुक चालू असेल तर सांधे बनतात. बंद पडलं तर जुने सांधे झिजतात आणि नवे येत नाहीत." तिने एक्स-रेसारखी एक फिल्म उजेडासमोर धरली. तिच्यावर काळे पट्टे होते. "पहिला पट्टा बघ, ठळक आहे. ह्या उंदराला काही दिलं नव्हतं, त्याचं जनुक जोरात चालू आहे. दुसऱ्याला दोन आठवडे औषध दिलं, पट्टा फिकट. तिसऱ्याला सहा आठवडे."

तिसऱ्या जागी काहीच नव्हतं. हिलरीने फिल्म हातात घेऊन तिरकी करून पाहिली. तरी काही नव्हतं.

सालोमीने मायक्रोस्कोपखालची काच बदलली. आता निळा रंग नळ्यांच्या आतपर्यंत पसरला होता आणि मधलं सगळं रिकामं होतं.

"कसलं औषध?" त्याने विचारलं.

तिने कपाटातून कॉफीची बाटली काढली. आत निळसर दाणे. घरच्या शेडमधून नेलेले.

हिलरी स्टुलावरून असा उठला की स्टूल पडलं. "मला उंदरांच्या रांगेत बसवायला आणलंस? ॲनीने सांगितलं तुला?"

"ॲनीने एक अक्षर नाही सांगितलं. तू रिपोर्ट माझ्याच बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात लपवलास, शहाण्या. दुसरं पुस्तक मिळालं नाही?"

हिलरी खाली वाकला. पडलेलं स्टूल उचलता उचलता म्हणाला, "परत येईल?"

"औषध थांबवल्यावर काही उंदरांत आलं. काहींत नाही आलं. तुझं मला सांगता येणार नाही, दादा. खोटं नाही बोलणार."

"मग हे छापून टाक पेपरात."

"सर म्हणतात अजून दोन वर्षं काम करू, मग छापू. उंदरावरून माणसाचं ठामपणे सांगता येत नाही असंही म्हणतात, आणि ते बरोबरही आहे. पण पोती परवा आलीत. रविवारी वाटप आहे. मायकलला बाबा पुढे उभं करून झोळी बांधायला शिकवणार आहेत." मायकल म्हणजे त्यांच्या काकाचा मुलगा. काकाची वाडी ह्या वर्षीपासून तो बघणार होता, आणि जानेवारीत उमेळे गावच्या मुलीशी त्याचं लग्न होतं. "मी उभी राहिले तर लोक म्हणतील, उंदरांचं काय घेऊन बसलीस, आम्ही तर उंदीर मारतोच. त्यांना माणूस दाखवावा लागेल."

"कोण माणूस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो दार आपटून निघाला तो थेट घरी आला आणि त्याने कोयता घेतला.

तर असे ते अकरा घड.

शनिवारी दुपारी ॲनी वाडीत आली. पडलेल्या घडांकडे तिने पाहिलं, मग त्याच्याकडे. "संपले का? की पपई पण तोडतोस?"

"सालोमीला लाज नाही," हिलरी म्हणाला. "गावासमोर उभं राहून मी सांगू? उद्यापासून बाजारात तोंड कसं दाखवू? लोक बोलतील त्याला मर्यादा असते का? कोणी बाजाराच्या फळ्यावर लिहील, कोणी बोट दाखवून हसेल. बाबा तर..."

"बाबा तर काय?"

"बाबांनीच बांधली ना पहिली झोळी माझ्या कमरेला. त्यांना काय वाटेल?"

 ॲनीचा आवाज असा चढला की पलीकडच्या वाडीतला पंप कोणीतरी ऐकायला बंद केला. "बाबांना काय वाटेल! लोकांना काय वाटेल! मला वर्षभर काय वाटलं ते विचारलंस कधी? तुझी आई मला वांझ म्हणते ना, तेव्हा तू ताटात बघतोस. मी बघितलंय तुला बघताना. मी गप्प बसले, कारण तू माझा नवरा आहेस. मला वाटलं, कधीतरी हा स्वतःच तोंड उघडेल. जाऊ दे, माझं झालं ते झालं. पण उमेळ्याची ती पोरगी जानेवारीत ह्या आळीत येणार. तिनेही माझ्यासारख्या नोव्हेना करायच्या? तिला कोण सांगणार, मी? मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःचा दोष नवऱ्यावर ढकलते."

"मी नाही सांगणार असं कुठे म्हटलं?"

"मग घड कशाला तोडतोस, मेल्या? त्यांनी काय केलंय?"

ती पाय आपटत निघून गेली. हिलरीने कोयता खाली टाकला आणि बांधावर बसला. त्याला स्वतःची अशी शिसारी आली की थुंकावंसं वाटलं, आणि तो थुंकलाही.

रविवारी हॉल भरला होता. पुरुष पुढे, बायका मागे आणि खिडकीपाशी. टेबलामागे पोत्यांची थप्पी. इनासने पांढरा शर्ट घातला होता. त्याने मायकलला पुढे बोलावलं, त्याच्या कमरेला नवाकोरा पंचा बांधला आणि पाठीवर थाप मारली. "हा बघा आमचा नवा बागायतदार! झोळी घट्ट बांध रे, लग्नाआधी सुटायला नको!" हशा पिकला. मायकल लाजला.

सालोमी खिडकीपाशी उभी राहिली. "बाबा, मला बोलायचंय. ह्या औषधाची आम्ही तपासणी केली. उंदरांवर—"

"उंदरांवर!" कोणीतरी मागून ओरडलं. "चांगलंय की, तेही मरतील!"

"मरत नाहीत. त्यांना पिल्लं होत नाहीत."

"मग तर दोन पोती जास्त द्या!"

आता तर हॉल खदखदून हसला. सालोमीने भिंत, पेशी, जनुक असं काय काय सांगायचा प्रयत्न केला, पण हसण्यात ते कोणाला ऐकू जाणार? इनास टेबलावर हात टेकून हसत होता, आणि हसता हसता म्हणाला, "बस बाय, बस. शिकलीस ते बरं झालं, पण केळीचं आम्हाला कळतं."

हिलरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती होती, लाज होती, सगळं होतं. पण बहीण चाळीस माणसांच्या हसण्यात एकटी उभी होती, आणि ते सांगायचं काम खरं तर त्याचं होतं. तो उठला.

"मी हिलरी इनास मच्याडो," तो म्हणाला. जसं काही तिथे कोणाला माहीत नव्हतं. त्यावरही दोघंतिघं हसले. "दिवसाला बाराशे बुंधे कोण करतं? मी. तीन वर्षं झोळी कोणी बांधली? मी. मागच्या वर्षी मी तपासणी केली. माझ्यात बी नाही. एकसुद्धा नाही. ॲनीला दिवस गेले होते तेव्हा हे औषध गावात आलं नव्हतं. औषध आलं आणि माझं संपलं. उंदीर सोडा. माझ्याकडे बघा आणि हसा."

कोणी हसलं नाही. 

"हिलरी, खाली बस," इनास म्हणाला.

"नाही बसणार."

इनासचा चेहरा लाल झाला. तो सभेकडे वळला. "बायकोची बाजू घ्यायला माणूस काय वाटेल ते बोलतो. मनावर घेऊ नका. दोष कोणाचा ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे." म्हातारा पोराची अब्रू झाकत होता. त्याला तसंच वाटत होतं, त्यात खोट नव्हती. पण झाकायला हाताशी काय आलं, तर सून. आणि सून मागे, तिसऱ्या बाकावर बसली होती.

हिलरी टेबलापाशी गेला. खिशातून कागद काढून त्याने बापासमोर आपटला. "वाचा. तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हीच वाचून दाखवा. वरून चौथी ओळ."

इनासने चष्मा लावला. कागद बघितला. घडी घातली.

"वाचवत नाही? मग पोत्यावरचंही असंच वाचलं नव्हतं ना तुम्ही? त्यावर चित्र होतं, बाबा. अडाण्यांनाही कळावं म्हणून चित्र काढलं होतं. तुम्ही त्याच्यावर विनोद केलात आणि माझ्या कमरेला विष बांधलंत. आणि आता म्हणता, दोष हिचा!"

मायकलने पंच्याच्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना, तेव्हा त्याने तो तसाच पायांवरून खाली ओढला आणि त्यातून बाहेर उडी मारली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी लोक पोट धरधरून हसले असते. त्या दिवशी एकेक जण उठला आणि पोत्यांकडे न बघता बाहेर पडला. अंगणात दोघातिघांनी हिलरीचा खांदा दाबला. एक म्हातारा त्याला आडोशाला घेऊन म्हणाला, "माझ्या थोरल्याचंही तेच असेल का रे?" हिलरी म्हणाला, "त्याला तपासायला सांगा." म्हातारा मान हलवत गेला.

पुढचे दहा दिवस घरात इनास त्याच्याशी बोलला नाही. रेजिनाही बोलली नाही, पण ती ॲनीच्या ताटात सगळ्यांच्या आधी तळलेले बोंबील वाढायला लागली. ॲनी हिलरीला म्हणाली, "त्यापेक्षा माफ कर म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बोंबील मला आवडतही नाहीत." तरी ती हसली होती, आणि हिलरीने पुष्कळ दिवसांनी तिला हसताना पाहिलं. बाजारात कोणी फळ्यावर काही लिहिलं नाही. मायकल रस्त्यात भेटला तर हात जोडायचा. हॉलमधली पोती गेली होती. कंपनीला परत गेली असणार, असं हिलरीने धरून चाललं. त्याने एकही कोवळा घड तोडला नाही. त्याला वाटलं, सांगितलं त्याचं चीज झालं.

गुरुवारी तो आगाशीच्या बाजारात घड घालून दुपारी परतला. घरात शिरण्याआधी वाडीतून पाण्याचा आवाज आला. पाट सोडलेला होता. त्याने नव्हता सोडला.

तो वाडीत गेला. केळीच्या रांगांमधून चार माणसं चालली होती. जव्हारकडची, नाक्यावर कामाला उभी राहतात ती. चौघांच्या कमरेला पंचे, पंच्यांच्या झोळ्या, आणि झोळीतून उजवा हात बुंध्याकडे, पुन्हा झोळीत, पुन्हा बुंध्याकडे. खाली घोट्याएवढं पाणी. पंचे भिजून निळे झाले होते. इनास बावखलाच्या काठावर छत्री घेऊन उभा होता.

हिलरी काठापाशी गेला. "हे काय आहे?" तो ओरडला.

"ओरडू नकोस," इनास म्हणाला. दहा दिवसांतलं त्याचं पहिलं बोलणं, आणि आवाज समजुतीचा. "तुझं ऐकूनच केलंय. संघात ठरलं. आपल्यातल्या कोणी आता ह्या औषधाला हात लावायचा नाही. सगळ्या वाड्यांत माणसं लावलीत. मायकलच्याही. तू बोललास ते बरं केलंस, मी मानतो. मला त्या दिवशी राग आला होता."

हिलरी ऐकत होता आणि त्याचे कान तापत होते. म्हणजे सगळ्यांना पटलं होतं. एकूण एक माणसाला पटलं होतं. त्याने चव्हाट्यावर स्वतःची लाज काढून ठेवली, ती ह्यांनी उचलली आणि तिचा हा उपयोग केला. न पटतं तर एक वेळ परवडलं असतं. पटूनही!

"आणि ह्यांची बायकापोरं?"

"त्यांना रोजचं काम हवं असतं. चार दिवस इथे, चार दिवस तिथे. एवढ्याने काही होत नाही."

हिलरी पाण्यात उतरला. सगळ्यात जवळच्या माणसापुढे जाऊन उभा राहिला. पंचविशीतला, काटक, कानात बाळी.

"नाव काय तुझं?"

"सोनू." तो गोंधळला. "शेट, काय चुकला काय? चिमूट मोठी होते?"

"झोळी सोड."

"नाय शेट, अजून तीन रांगा हायेत. करतो ना बराबर. पानी जास्त झाला काय?"

"लग्न झालंय?"

सोनूने मान हलवली आणि काठावरच्या आंब्याकडे पाहिलं. तिथे एक मुलगी भाकरीचं गाठोडं घेऊन बसली होती. "आवंदा झाला."

"मग सोड ती झोळी. हे विष आहे. ह्याने मूल होत नाही. मी तीन वर्षं बांधली, मला होत नाही. मला, माझं सांगतोय." हॉलमध्ये एकदा बोललेलं तो परत बोलला. "मजुरी पुरी मिळेल. सोड."

सोनूने त्याच्याकडे पाहिलं, मग काठावरच्या इनासकडे. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्याला ह्यातलं काही खरं वाटत नाही. शेठलोकांच्या घरात भांडण असणार, आणि त्यात आपली मजुरी जाणार. "मोठ्या शेटनी बांदून दिला," तो हळूच म्हणाला. "वाईट असता तर त्यांनी कशाला दिला असता?"

 हिलरीने पुढे होऊन त्याच्या पंच्याची गाठ स्वतः सोडली. दाणे सांडू नयेत म्हणून झोळीची चारी टोकं धरली आणि ते गाठोडं, निळं पाणी गळत असलेलं, घेऊन तो काठ चढला. बापाच्या समोर उभा राहिला.

"बाबा, तुम्ही बांधा."

"काय?"

"तीनच रांगा राहिल्यात. तुमचं वय साठ. दोन पोरं झालीत, तिसरं काही तुम्हाला नकोय. आणि एवढ्याने काही होत नाही, तुम्हीच म्हणालात. घ्या. तुम्ही माझ्या बांधली, त्याच्या बांधली. आता मी तुमच्या बांधतो."

त्याने ओलं गाठोडं बापाच्या पोटापाशी नेलं.

इनास मच्याडोने छत्री टाकली. दोन्ही हात मागे घेतले, आणि दोन पावलं, मग तिसरं पाऊल मागे सरकला. पाठ नारळाच्या झाडाला लागली तेव्हाच थांबला. पांढऱ्या शर्टावर एक निळा थेंब पडला होता. तो त्याने घाईघाईने बोटाने पुसला, आणि मग ते बोट धोतराला पुसत राहिला, पुसतच राहिला.

सोनू पाण्यात उभा राहून हे बघत होता. त्याला कोणी भिंत समजावली नव्हती, कोणी कागद दाखवला नव्हता. त्याने हात उचलून पाहिले, खाली आपल्या निळ्या मांड्यांकडे पाहिलं, आणि वळून बाकीच्या तिघांना त्यांच्या भाषेत जोरात हाक मारली. तिघंही झोळ्या सोडत पाण्यातून धावत सुटले.